वि. म. दांडेकर : रेघ ओढणारे अर्थशास्त्रज्ञ

ग्रंथालयाच्या खिडकीत मी 'दांडेकरांचे पुस्तक हवे' अशी चिठ्ठी दिली, तेव्हा आतून गो. नी. दांडेकरांची कादंबरी बाहेर आली. ती परत करून 'हे नव्हे, अर्थशास्त्राचे दांडेकर' असे सांगितले तेव्हा बराच वेळ शोधाशोध झाली आणि शेवटी मागच्या कपाटातून एक पुस्तक निघाले. मागच्या पानावरच्या कागदावर तारखांचे शिक्के अगदी थोडे होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पेपरात 'दांडेकर व रथ' ही दोन नावे लिहायची, त्यापुढे '२२५० उष्मांक' लिहायचे आणि पाच गुण घ्यायचे, एवढाच त्यांच्याशी आपला परिचय असतो. माझाही तेवढाच होता. तो वाढला तो एका भांडणामुळे, आणि ते भांडण घरातले होते.

मी अकरावीत असतानाची गोष्ट. आमची जमीन दोन एकर, तीही माळाची. चार बोटे माती, खाली मुरूम. त्या वर्षी ऑगस्टात पावसाने ताण दिला आणि आमचे सोयाबीन फुलातच वाळून गेले. ओढ्याकडच्या काळ्या रानात मात्र ओल टिकली आणि पीक बऱ्यापैकी आले. आप्पांनी पीकविमा भरलेला होता. पावती आजीच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत जपून ठेवली होती. पुढे महिनोन्महिने चौकशी केल्यावर कळले की आमच्या महसूल मंडळाचे उत्पन्न 'उंबरठा उत्पन्ना'पेक्षा जास्त भरले, त्यामुळे मंडळात कोणालाच भरपाई नाही. आप्पा म्हणाले, "माझं रान जळालं आन् मोजलं दुसऱ्याचं? असा कायदा कुन्या शान्यानं केला?"

कॉलेजात आल्यावर मी हाच प्रश्न अर्थशास्त्राच्या सरांना विचारला. सर हसले आणि म्हणाले, "त्या शहाण्याचे नाव तुझ्या पाठ्यपुस्तकात आहे." त्या दिवसापासून मी प्रा. विनायक महादेव दांडेकर यांच्याविषयी मिळेल ते वाचते आहे. प्रथम वाचले ते रागाने, हे कबूल केले पाहिजे.

दांडेकरांचा जन्म ६ जुलै १९२०चा आणि मृत्यू ३० जुलै १९९५चा. या पंचाहत्तर वर्षांतला मोठा भाग पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत गेला. ही संस्था १९३० साली सुरू झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक होते. गाडगीळ १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्यानंतर १९६६ ते १९८० दांडेकर संचालक होते. दांडेकरांचे मूळ शास्त्र संख्याशास्त्र. अर्थशास्त्रात ते आकड्यांच्या दाराने आले, आणि माझ्या समजुतीप्रमाणे अखेरपर्यंत त्यांचा स्वभावही तसाच राहिला. कोणी काही ठाम विधान केले की आधी विचारायचे, हे मोजले कोणी आणि कसे?

गोखले संस्थेची पद्धत म्हणजे प्रत्यक्ष जाऊन विचारणे. आज 'सर्वेक्षण' हा शब्द आपण सहज वापरतो. दारावर माणूस आला, मोबाइलवर चार बटणे दाबली की सर्वेक्षण झाले! त्या काळी एखाद्या खेड्यात जाऊन घरोघर बसायचे, माणूस काय खातो, काय पेरतो, किती मुले झाली आणि त्यांतली किती जगली हे विचारून लिहून घ्यायचे, ही गोष्ट आपल्या देशात नवी होती. १९५० साली नॅशनल सॅम्पल सर्व्हे सुरू झाला, तेव्हा गोखले संस्थेने आपल्या वेगळ्या प्रश्नावल्या तयार करून त्याच कामाची पडताळणी केली. त्यावरचा दांडेकरांचा अहवाल १९५३चा आहे. त्याच वर्षी त्यांनी आणि त्यांच्या पत्नी, लोकसंख्याशास्त्रज्ञ कुमुदिनी दांडेकर यांनी मिळून पुणे जिल्ह्यातील जन्ममृत्यूंची पाहणी प्रसिद्ध केली. मराठीतही त्यांनी लिहिले. म. भा. जगताप यांच्यासह लिहिलेले 'महाराष्ट्राची ग्रामीण समाजरचना' हे पुस्तक १९५७ साली आले.

त्याच वर्षीची आणखी एक पाहणी मला विशेष वाटते. १९४८ साली मुंबई राज्यात कुळकायदा झाला होता. कागदावर कुळाला संरक्षण मिळाले. दांडेकर आणि खुदानपूर यांनी खेड्यांत जाऊन पाहिले, तर जमिनी मालकाकडे परत जात होत्या, कुळे बदलत होती, आणि त्यांतले बरेचसे 'राजीखुशीने' सोडून दिल्याचे कागदोपत्री दिसत होते. कायदा नसता तर जे घडले असते तेच बऱ्याच अंशी चालू होते. आमच्या भागात निजामाचे राज्य होते, म्हणून तो कायदा आमचा नव्हे; पण 'राजीखुशीने' हा शब्द आमच्याकडेही सर्वांना ठाऊक आहे. सही किंवा अंगठा कोणत्या राजीखुशीने होतो हे वेगळे सांगायला नको.

आता त्या पाच गुणांच्या प्रश्नाकडे येऊ. जानेवारी १९७१ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या लागोपाठच्या दोन अंकांत दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा दीर्घ निबंध छापून आला. पुढे त्याचे पुस्तक झाले. गरिबी आहे हे सर्वांना दिसतच होते. ती किती माणसांना आहे, हा प्रश्न होता. त्यासाठी कुठेतरी रेघ ओढावी लागते. रेघेच्या खालचा तो गरीब. पण ती रेघ ओढायची कुठे?

दांडेकर-रथांची युक्ति समजून घेण्यासारखी आहे. माणसाला दिवसाला सरासरी २२५० उष्मांक मिळावेत असे त्यांनी धरले. पण एवढ्या उष्मांकांचे धान्य बाजारात कितीला पडते, असा सरळ हिशेब त्यांनी केला नाही. कारण माणूस नुसते धान्य खाऊन जगत नाही. त्याला सरपण लागते, मीठमिरची लागते, अंगभर कापड लागते. म्हणून त्यांनी १९६०-६१ सालच्या नॅशनल सॅम्पल सर्व्हेचे तक्ते घेतले. त्यात कुटुंबांचे खर्चाप्रमाणे गट पाडलेले होते. सगळ्यांत कमी खर्च करणाऱ्या गटापासून वर चढत जायचे आणि ज्या गटातील माणसे आपल्या नेहमीच्या सवयीने खर्च करून सरासरी २२५० उष्मांक मिळवतात तिथे थांबायचे. त्या गटाचा एकूण खर्च, कापड-सरपणासकट, ही रेघ. खेड्यात ती माणशी महिना सुमारे १५ रुपये आली आणि शहरात साडेबावीस रुपये. म्हणजे खेड्यात दिवसाला आठ आणे, शहरात बारा आणे. या रेघेखाली खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक होते.

हा हिशेब मी घरी आजीला सांगितला. तिने जन्मात शाळा पाहिली नाही, पण आण्यांचा हिशेब तिला माझ्यापेक्षा पक्का येतो. ती थोडा वेळ गप्प बसली आणि तिने विचारले, "आठ आन्यात दवाखाना धरला का गं?" मी पुन्हा पुस्तक उघडले. दवाखान्याचा आणि शाळेचा खर्च या रेघेत वेगळा धरलेला नाही. त्या कुटुंबांनी जो काही केला असेल तेवढाच त्यात येतो. ज्याने दवाखान्यात जायचेच टाळले त्याचा खर्च शून्य, आणि म्हणून रेघेतही शून्य. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी या रेघेवर जे आक्षेप घेतले त्यांतला एक हाच आहे. २००९ साली सुरेश तेंडुलकर समितीने उष्मांकांचा आधार सोडला आणि शिक्षण व आरोग्यावरचा खर्च हिशेबात घेतला. आजीला यातले काही सांगितले नाही. ती उगाच फुशारली असती!

दुसरा आक्षेप नेमका उलट दिशेने आला. डॉ. पां. वा. सुखात्मे हेही संख्याशास्त्रज्ञ, रोमच्या जागतिक अन्न व शेती संघटनेत काम करून पुण्यात आलेले. त्यांचे म्हणणे असे की २२५० ही सरासरी गरज आहे. निरोगी माणसाचे शरीरही रोज सारखे खात नाही आणि सारखे खर्चत नाही. कमी आहाराशी ते काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते. मग सरासरीच्या खाली असलेल्या प्रत्येकाला उपाशी कसे म्हणावे? रेघ बरीच खाली ओढली पाहिजे, आणि तशी ओढली तर उपाशी माणसांची संख्या एकदम कमी होते. दांडेकरांना हे मान्य झाले नाही. १९८०च्या सुमारास हा वाद चांगलाच रंगला. दोन मराठी माणसे, दोघेही आकड्यांतली, एकाच गावात राहून इंग्रजी नियतकालिकांतून उष्मांकांवर भांडत होती. मी दोन्ही बाजू समजून घेण्याचा प्रयत्न केला. सुखात्म्यांची गणिती बाजू मला वाटली होती त्यापेक्षा भक्कम आहे. पण शरीर जुळवून घेते म्हणजे काय होते, हे दुष्काळातल्या बायकांना विचारावे, असेही वाटून गेले.

कारण माझी आजी १९७२च्या दुष्काळात एकोणीस वर्षांची होती. आज मी तेवढीच आहे. मी या वयात लेख लिहिते आहे, ती या वयात रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, पदरात पहिले मूल होते, आणि कामावर मिळणारी सुकडी ती निम्मी खाऊन निम्मी घरी आणत असे. लाल मिलोच्या भाकरीची आठवण निघाली की अजून तिचे तोंड कडू होते.

इथे दांडेकर पुन्हा भेटतात. नुसती रेघ ओढून ते थांबले नव्हते. रेघेखालच्या माणसांचे काय करायचे, याचे उत्तर त्यांनी आणि रथांनी १९७१ सालीच दिले होते. जमिनीचे फेरवाटप करून हा प्रश्न सुटणार नाही, कारण वाटायला पुरेल एवढी जमीनच नाही; ज्याला काम हवे त्याला सरकारने काम दिले पाहिजे आणि त्यासाठी वरच्या थरातील लोकांनी पैसा मोजला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी, दुष्काळात, महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना सुरू झाली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. योजना दांडेकरांनी सुरू केली असे मी म्हणत नाही. त्या काळी हा विचार अनेकांच्या डोक्यात होता. पण पुढे कुमुदिनी दांडेकरांनी या कामांवर येणाऱ्या बायकांचा अभ्यास केला, हे वाचून मला फार बरे वाटले. माझी आजी कुठल्या तरी तक्त्यात असेल असे नव्हे. पण तिच्यासारखीला कोणी विचारले, लिहून घेतले.

जमिनीबद्दलचे त्यांचे मत मात्र मला बोचले. शेतीवर माणसे फार झाली आहेत, त्यांना शेतीबाहेर काम मिळाल्याशिवाय शेती सुधारणार नाही, हे ते अनेक प्रकारांनी सांगत. दोन एकरवाल्याच्या मुलीने हे वाचावे आणि मान डोलवावी असे होत नाही. पण माझे कॉलेजात येणे म्हणजे तरी दुसरे काय आहे? आप्पांनी मला शिकायला पाठवले ते परत येऊन माळावर सोयाबीन पेरावे म्हणून नव्हे.

आता विम्याची गोष्ट, जिच्यासाठी मी हे सारे वाचले. आपल्या देशात १९७२ साली गुजरातेत एच-४ जातीच्या कापसावर पीकविम्याचा प्रयोग सुरू झाला व नंतर तो आणखी काही राज्यांत नेण्यात आला. त्यात ज्याचे नुकसान त्याला भरपाई, असा सरळ न्याय होता. आप्पांना हवा होता अगदी तसा. १९७८ पर्यंत त्यात एकंदर ३,११० शेतकरी आले. त्यांनी हप्ता भरला ४ लाख ५४ हजार रुपये आणि भरपाई द्यावी लागली ३७ लाख ८८ हजार. आठपटीहून जास्त! असा धंदा कोण चालवणार?

दांडेकरांनी १९७६ साली लेख लिहून दाखवले की वैयक्तिक विमा आपल्याकडे का चालणार नाही. प्रत्येक शेतकऱ्याच्या मागच्या अनेक वर्षांच्या उत्पन्नाची नोंद कोणाकडेच नाही. दर हंगामात प्रत्येक शेत मोजायचे तर मोजण्याचाच खर्च विम्याहून मोठा होईल. आणि आपले पीक बुडाले तर पैसे मिळणार हे पक्के असेल, तर खुरपणीला आणि फवारणीला हात आखडता घेण्याचा मोह कोणालाही होईल. म्हणून त्यांनी सुचवले, शेतकऱ्याचा विमा उतरवू नका, क्षेत्राचा उतरवा. सारख्या हवापाण्याचा एक भाग धरा. त्यात काही शेते चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून पीक कापणी प्रयोग करा आणि सरासरी काढा. ती ठरावीक पातळीखाली गेली तर त्या भागातल्या प्रत्येक विमाधारकाला सारख्या प्रमाणात भरपाई द्या, मग त्याचे स्वतःचे पीक कसेही असो. १९७९ साली याच तत्त्वावर प्रायोगिक योजना सुरू झाली, १९८५ साली सर्वंकष पीकविमा योजना आली, १९९९ साली राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ साली प्रधानमंत्री पीकविमा योजना. गारपीट किंवा शेतात पाणी साचणे अशा स्थानिक संकटांसाठी पुढे वेगळी तरतूद आली, तरी मुख्य सांगाडा दांडेकरांचाच राहिला.

हिशेब कसा होतो तो एका उदाहरणाने सांगते. समजा, मंडळात गेल्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी हेक्टरी १० क्विंटल आहे. तिचे ७० टक्के, म्हणजे ७ क्विंटल, हे उंबरठा उत्पन्न. यंदा मंडळाची सरासरी ८ आली. आमच्या माळावर ३ क्विंटल झाले तरी आम्हांला काही नाही. उलट एखाद्या वर्षी मंडळाची सरासरी साडेतीन आली, तर विहिरीच्या पाण्यावर १२ क्विंटल काढणाऱ्यालाही विमा रकमेच्या निम्मे पैसे मिळतील. पहिल्यांदा हे ऐकताना अन्याय वाटतो. पण यात एक गंमत आहे. मिळणारा पैसा माझ्या शेतावर अवलंबून नसल्यामुळे मी पिकाची हयगय करून माझा काहीच फायदा होत नाही. दुष्काळातही जे हाती लागेल ते काढायचेच.

इथपर्यंत वाचल्यावर माझा राग बराच ओसरला. मग एक शब्द पुन्हा वाचला आणि राग परत आला. या वेळी दांडेकरांवर नव्हे. त्यांनी 'सारख्या हवापाण्याचा भाग' म्हटले होते. आमच्या मंडळात ओढ्याकाठची काळी जमीन आहे आणि आमचा माळही आहे. पावसाने तीन आठवडे ताण दिला तर एकीला ओरखडा उमटतो आणि दुसरी जळून जाते. दोघींची मिळून सरासरी काढली की माळाचे मरण काळ्या रानाखाली झाकले जाते, आणि हे एखाद्या वर्षी नव्हे, दर वर्षी होते. एका मंडळात एका पिकाचे साधारण दहा कापणी प्रयोग होतात. त्यांतले माळावर किती पडतात, यावर सगळे ठरते. म्हणजे आप्पांचा प्रश्न चुकीचा नव्हता. फक्त 'माझे शेत का मोजले नाही' असे न विचारता 'माझ्या जातीच्या जमिनी एकत्र का मोजल्या नाहीत' असे विचारायला हवे होते.

भाग कोणता धरायचा, याच प्रश्नावर दांडेकरांना आमच्या लोकांनीही पुढे खूप बोल लावला. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी १९८३ साली राज्य सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने जिल्हा हे एकक आणि राज्याची सरासरी ही रेघ धरली. जो जिल्हा रेघेखाली तेवढा त्याचा अनुशेष. १९८४च्या अहवालाप्रमाणे एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला. विदर्भाचा सुमारे १,२४६ कोटी, मराठवाड्याचा ७५० कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९ कोटी. मराठवाड्यापेक्षा उर्वरित महाराष्ट्राचा अनुशेष मोठा, हे वाचून आमच्या सरांचा आवाज वर्गात अजूनही चढतो. कोकणातले आणि दुष्काळी टापूतले जिल्हेही त्या 'उर्वरित'मध्ये येतात हे ते पुढच्या वाक्यात सांगतात, पण जरा हळू.

संचालकपद सोडल्यावरही दांडेकर स्वस्थ बसले नाहीत. १९७० साली स्थापन केलेल्या इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमीतर्फे त्यांनी १९८९ साली नियतकालिक सुरू केले. स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय अर्थव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या त्यांच्या ग्रंथाचा शेतीवरचा पहिला खंड १९९४ साली आला. लोकसंख्या, दारिद्र्य आणि रोजगार यांवरचा दुसरा खंड १९९६ साली आला तेव्हा ते हयात नव्हते.

गेल्या खरिपात आमच्या शिवारात पीक कापणी प्रयोग झाला. गट क्रमांक निघाला तो ओढ्याकाठचा, चुलत्यांचा. मी सुटीवर घरी होते. आप्पा सकाळपासून बांधावर जाऊन बसले. दोरी लावून चौकोन आखला, शेंगा झोडल्या, वजन झाले, मोबाइलवर फोटो निघाला. आप्पा काही बोलले नाहीत. माणसे निघाली तेव्हा त्यांनी मला हळूच विचारले, "ह्यो गट निवडला कुनी?" मी म्हटले, "कुणी नाही आप्पा, चिठ्ठी निघते तसा निघतो." त्यांनी माळाकडे पाहिले आणि म्हणाले, "मंग माळाची चिठ्ठी येगळी टाकायला सांग की त्यास्नी. तू शिकतीस ना तेच?"

तो अर्ज मी लिहायला घेतला आहे. माळाच्या गटांची यादी तलाठी कार्यालयातून मिळायची आहे.